ढब्बूची जपानी गाणी

त्या जपानी चौघांचं कोणतं गाणं आधी ऐकू, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, टाळ्यांचं ऐक. गाण्याचं खरं नाव विचारू नका. त्यांच्या बँडचं नावसुद्धा मला धड म्हणता येत नाही, म्हणून आमच्या घरात त्यांना नुसतं 'चौघं' म्हणतात. तिघं मुलगे आणि ड्रम बडवणारी एक मुलगी. तिचे हात बघितले की वाटतं, हिच्या सासरी गालिचे झटकायला वेगळा माणूस ठेवायला नको. तर आधी टाळ्यांचं, मग खिडकीचं, त्यानंतर पायऱ्यांचं. पळापळीचं सगळ्यात शेवटी, आणि तेही रिकाम्या पोटी नको. या क्रमात माझी काही अक्कल नाही. तो मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीने लावून दिला. आज मी ही जी तोंडाची टकळी चालवते आहे ती तिच्यामुळे. ज्यांना ती सोसवत नाही त्यांनी तिला बोल लावावा, मी तर तिला रोज दुवा देते.

मी कुत्री शिकवते. ज्यांना दिसत नाही अशा माणसांना रस्त्यातून नीट नेणारी कुत्री तयार करायचं एक केंद्र आहे, तिथेच माझे केस पांढरे झाले. या कामात अर्धी कमाई आवाजाची असते. 'पुढे चल', 'थांब', 'डावीकडे', 'उजवीकडे', 'दार शोध', शब्द एवढेच, पण रोज त्याच वजनाने म्हणावे लागतात. माझा आवाज खणखणीत होता. मैदानाच्या या टोकाला मी 'थांब' म्हटलं की त्या टोकाला आमचा माळीही झारी घेऊन थांबायचा. घरीही मी दोघांचं मिळून बोलायचे, कारण आमचे हे पहिल्यापासून मुखदुर्बळ. लग्नाला हो म्हणाले तेच काय ते मोठ्याने, असं माझी बहीण म्हणते.

आमच्या वर राहायची ती दातवाली. म्हणजे दात काढणारी नव्हे, बनवणारी. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि ही पोरगी घरी बसून त्यांच्या कवळ्या करायची. घासायचं यंत्र घुर्र घुर्र करायचं आणि त्याच्या वरताण म्हणून ती चौघांना लावायची. सकाळी तेच, दुपारी तेच. मी दुपारी जेवायला घरी आले की काठीने छत ठोकायचे. "अगं ए दातवाले, बंद कर ते मांजरांचं भांडण!" वरून उत्तर यायचं, "सॉरी काकू!" आणि आवाज केसभर कमी व्हायचा. कसं अगदी छान चाललं होतं आमचं.

आणि एका सकाळी माझ्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला, तो पुढे बराचसा सुधारला. वाचा मात्र गेली. मला कळायचं सगळं. कोण खरं बोलतंय, कोण थापा मारतंय, माझ्या उशाशी बसून कोण माझ्याविषयी मी तिथे नसल्यासारखं बोलतंय, सगळं. पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडायचा. "मेल्या." डॉक्टर आले, मेल्या. पाणी हवं, मेल्या. आमच्या ह्यांना बिचाऱ्यांना तर दिवसभर मेल्या. भेटायला आलेली ह्यांची आतेबहीण फुलं घेऊन आली होती, ती फुलं टेबलावर ठेवून तशीच गेली.

बोलायला शिकवणारी एक थेरपिस्टबाई यायची. ती म्हणाली, "असं होतं बरं का. शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात, त्या शाबूत राहतात." मी मनात म्हटलं, माझा तो कप्पा चांगला ऐसपैस आहे, एरवी त्यावर दिवस निघाले असते. पण 'मेल्या' म्हणून कुठलं कुत्रं रस्ता ओलांडत नाही.

थेरपिस्टबाई पुढे म्हणाली की गाण्याचाही असाच वेगळा कप्पा असतो. ओळखीचं काही गाऊन बघा. झालं, माझी बहीण उत्साहाने लहानपणची गाणी घेऊन बसली. पहिली ओळ अर्धी यायची. मग एखादा शब्द अडायचा, आणि तो शब्द कोणता हे मला पक्कं माहीत असायचं. बहीण तोंड वासून माझ्याकडे बघत बसायची, जणू मी पाच वर्षांची आणि पाहुण्यांसमोर कविता म्हणते आहे. माहीत असलेला शब्द स्वतःच्या जिभेवर येऊ नये, एवढा अपमान माझा जन्मात झाला नव्हता. मी डाव्या हाताने उशी फेकली. ती बहिणीला न लागता घड्याळाला लागली. गाणी बंद झाली.

आणि वरही सगळं शांत. काकू आजारी आहेत म्हणून दातवालीने चौघांना गप्प केलं होतं. पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की मला त्या मांजरांच्या भांडणाची सवय लागली होती. त्यातली एक ओळ डोक्यात अर्धवट अडकून बसली होती. पुढे कशी जाते ते आठवेना, आणि घरात कुणाला विचारायची सोय नाही. मी छताकडे बोट दाखवायचे आणि जीव तोडून सांगायचे, "मेल्या! मेल्या!" आता, इतकी वर्षं मला छत ठोकताना पाहिलेला माणूस याचा काय अर्थ लावणार? आमचे हे उठले, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही सांगायला म्हणून वर गेले, आणि सांगून आले की पोरी, तुझ्या यंत्राचाही हिला त्रास होतो आहे. मग यंत्रही बंद. म्हणतात ना, करायला गेले एक आणि झालं भलतंच.

दोन दिवसांनी दातवालीच खाली आली. खुर्चीच्या कडेवर टेकली. बोटांना पांढरी भुकटी लागलेली, डोळे सुजलेले.

"काकू, मी दुसरी खोली बघते आहे," ती म्हणाली. "तुम्हाला माझा त्रास नको."

मी मान हलवली, हात हलवला, तोंडाने 'मेल्या, मेल्या' चालू. तिला वाटलं मी हाकलतेच आहे. ती रडकुंडीला येऊन उठली आणि दाराकडे वळली. तेव्हा माझ्या तोंडून ती अडकलेली ओळ निघाली. शब्द कसले, नुसतं 'ना नाना ने', पण सूर बरोबर होता. ती दारातच थांबली. मी अर्ध्यावर अडकले, तेव्हा तिने पाठमोरीच उभी राहून पुढची अर्धी म्हटली. मग मी पुन्हा सुरुवातीपासून म्हटली, सगळी, शेवटपर्यंत. ती खाली फरशीवरच बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. आमचे हे पाण्याचा तांब्या घेऊन आत आले आणि कुणाला द्यावा ते न कळून स्वतःच प्यायले.

दुसऱ्या संध्याकाळी ती आपला लहानसा स्पीकर घेऊन आली आणि डॉक्टरने गोळ्या समजावून द्याव्यात तशी गाणी समजावून द्यायला लागली.

"आधी हे टाळ्यांचं. यात तो दर ओळीनंतर श्वास घेतो, म्हणजे तुम्हालाही घेता येईल. हे जमलं की खिडकीचं. त्याच्या ओळी लांब आहेत, पण संथ आहेत. मग हे, पायऱ्यांचं, यात सूर चढत जातो. आणि हे पळापळीचं एवढ्यात अजिबात नाही."

मी भुवया उडवल्या.

"कारण जीभ अडखळली की तुम्ही उशी फेकाल, काकू."

बहिणीने पसरवलं असणार. आमच्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

जपानी मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि माझा जीव तिथेच वाचला. चुकलं तरी कळणार कुणाला? मला नाही, ह्यांना नाही, आणि खुद्द दातवालीलाही नाही. ती म्हणायची, "मी पण अंदाजेच गाते काकू, त्या चौघांनी ऐकलं तर बँड सोडून देतील." आम्ही दोघी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून अंदाजे गायचो. कुणी तोंड वासून शब्दाची वाट बघत नव्हतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणी कीव केल्यासारखं बघत नव्हतं. मला वाटतं मी बरी व्हायला लागले ती तिथूनच.

थेरपिस्टबाईने ते ऐकलं आणि टुणकन उठली. तिने त्याच चालींत आपले रोजचे शब्द बसवायला घेतले. टाळ्यांच्या सुरुवातीत 'पाणी द्या'. खिडकीच्या शेवटात 'दार लावा'. मी गाऊन 'चहा आणा' म्हटलं की आमचे हे भारावून दोन कप आणायचे, आणि दुसरा कुणासाठी ते त्यांनाच ठाऊक नसायचं. थेरपिस्टबाईच्या मते पुढे आंघोळ, जेवण, औषध असे शब्द यायला हवे होते. मी हट्टाला पेटले. मला कुत्र्यांचे शब्द आधी हवे होते. मग 'पुढे चल' टाळ्यांच्या चालीत बसलं. 'थांब' खिडकीच्या शेवटच्या लांब सुरात. 'डावीकडे' पायऱ्या चढत, 'उजवीकडे' पायऱ्या उतरत. 'दार शोध' कशातच बसेना, तेव्हा दातवालीने ड्रमवाल्या मुलीचा एक तुकडा काढून दिला, धाड धाड धा.

एक दिवस मी तिला जिन्यात गाठलं. मला तिला एक वाक्य सांगायचं होतं, दुपारभर त्याची तयारी केली होती. "तुझे उपकार," मी पायऱ्यांच्या चालीत म्हटलं. "तू नसतीस तर," एवढं झालं आणि पुढचं काही येईना. गळाच भरून आला होता, त्याला गुठळी काय करणार. ती म्हणाली, "काकू, तुम्ही छत ठोकायचात ना, तेव्हा मला बरं वाटायचं. म्हटलं, या घरात मी आहे हे निदान एका माणसाला ठाऊक आहे." एकटी राहणारी पोर ती. मी तिला तशीच जवळ ओढली आणि तिच्या भुकटीने माझी बाही पांढरी झाली.

मी कामावर परत गेले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी मला ढब्बू दिला. साहेब म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख, माणूस भला, पण चष्म्यावरून बघायची खोड. ढब्बू हा काळा, जाडजूड, कमालीचा हट्टी कुत्रा. माझ्या आधी दोघांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. साहेबांनी विचार केला असणार की दोघंही अडलेले आहेत, एकमेकांना सांभाळतील. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण मी ढब्बूच्या पाठीवरच्या पट्ट्याची दांडी धरली, टाळ्यांच्या चालीत 'पुढे चल' म्हटलं, आणि तो ठोंब्या कान टवकारून असा चालायला लागला की बघत राहावं. त्याला बोलणं कधी आवडलंच नव्हतं, त्याला गाणं हवं होतं. आम्ही दोघं गात गात दुकानांतून, जिन्यांवरून, गर्दीतून हिंडलो. लोक वळून बघायचे. मी म्हणायचे, बघा मेल्यांनो.

आता इथे आमच्या सगळ्यांच्या हातून जे झालं ते फक्त आमच्याच केंद्रात होऊ शकतं. कुत्र्याची परीक्षा दुसऱ्या शिक्षकांनी घ्यायची असा नियम आहे. तशी ती घेतली गेली. पण मला बरं वाटावं म्हणून सगळ्यांनीच ढब्बूशी गाऊन बोलायला सुरुवात केली होती. माळी गायचा, भांडी घासणारी गायची, परीक्षा घेणारा गायचा, आणि साहेब तर पायऱ्यांची चाल म्हणताना चवड्यांवर उंच व्हायचे. ढब्बू प्रत्येक परीक्षेत पहिला. इतकी शहाणी माणसं आम्ही, आयुष्य या कामात घातलेली, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे कुत्रं शब्द शिकलेलंच नाही. ते चौघांच्या चाली शिकलं आहे.

हे उघडकीला आलं ते ऑपरेटर ढब्बूला न्यायला आला तेव्हा. हा एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोनवर बसणारा माणूस. तरुणपणीच दृष्टी गेलेली. त्याचा आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेल्याला फार दिवस झाले होते. तेव्हापासून तो वहिनीचा दंड धरून कामावर जायचा आणि वहिनीची सवड होईपर्यंत तिथेच बसून राहायचा. आवाज असा मृदू आणि अदबशीर की नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी वाटावं आपला फोन जोडून दिला. त्याने ढब्बूला खूप कुरवाळलं, दांडी धरली, आणि म्हणाला, "पुढे चल."

ढब्बू खाली बसला.

"पुढे चल, राजा," ऑपरेटर म्हणाला. ढब्बूने जांभई दिली.

मी टाळ्यांच्या चालीत म्हटलं, आणि ढब्बू ताडकन उठून चालायला लागला. ऑपरेटर मागे फरफटला. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. साहेबांनी चष्मा काढला आणि कपाळाला हात लावला.

त्यांच्या खोलीत साहेब बोलले ते चुकीचं नव्हतं, हेच मोठं दुःख. ढब्बूला आता चौथ्या शिक्षकाकडे द्यायचं, शब्दांवर आणायचं. नाहीच आला तर कुणाला तरी पाळायला देऊन टाकायचा. ऑपरेटरने पुढच्या तुकडीपर्यंत थांबायचं.

"आणि बाई, तुम्ही," साहेब टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "बोलणं पूर्ववत होईपर्यंत घरी आराम करा."

आराम! मला बोलता येत असतं तर मी त्यांना आराम दाखवला असता. त्यांनी जे सांगितलं त्याचा सरळ अर्थ एवढाच होता की माझा आवाज आता कुणाच्या कामाचा नाही. मी तोंड उघडलं आणि कुठलीच चाल सापडेना.

तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मी गाणं शिकलो तर?"

"भर रस्त्यात गात जाणार तुम्ही? रोज? लोक काय म्हणतील?"

"म्हणोत. मला कुठे ते दिसतात?"

साहेब हसले. त्यांना हसायचं नव्हतं, पण आलं. म्हणाले, महिनाअखेरीला चाचणी घेऊ. इथून दवाखान्यापर्यंत, ऑपरेटर आणि ढब्बू. जमलं तर कुत्रा तुमचा. नाही जमलं तर मी सांगतो तसं. आणि बाईंचंही तसंच.

मी ऑपरेटरला घेऊन दातवालीकडे गेले. मार्गी लागलं म्हणून मी खुशीत. तो तिथे पहिल्यांदा गायला, आणि माझी खुशी संपली. असा बेसूर माणूस मी पाहिला नाही. त्यानेच सांगितलं, शाळेत त्याला प्रार्थनेला नुसते ओठ हलवायला लावायचे. दातवालीने टाळ्यांचं लावलं, त्याने त्याच्यामागे म्हटलं, आणि खाली आमच्या ह्यांनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. ढब्बूने तर ऑपरेटरकडे असं बघितलं की त्याला दिसत नाही तेच बरं.

मी हातपाय गाळले होते. दातवालीने नाही. तिने विचार करून सांगितलं, "तुम्ही गाऊच नका. आधी नुसतं ऐका. एक आठवडा टाळ्यांचं, दुसरं काही नाही. सुराच्या मागे लागू नका, तो कुठे लांबवतो आणि कुठे तोडतो तेवढं पकडा." तो माणूस शब्दाला पक्का. सगळा आठवडा एका कानाला दवाखान्याचा फोन आणि दुसऱ्या कानात चौघं. मग खिडकीचं. मग पायऱ्यांचं, त्यात 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' त्याच्या गळ्यातून अगदी सारखंच यायचं, म्हणून तिने त्याला चढताना हळू आणि उतरताना भरभर म्हणायला लावलं. संध्याकाळी कवळ्या बाजूला सारून ती त्याच्याकडून घोकून घ्यायची. मी खोलीभर ढब्बूला फिरवायचे आणि ऑपरेटर म्हणायचा. हळूहळू ढब्बू त्याच्या बोलावर पाय टाकायला लागला. पण प्रत्येक वेळी आधी तो माझ्याकडे बघायचा. बाई, हा म्हणतो ते खरं का? मी मान हलवायचे, मग तो निघायचा. ते मला कळत होतं, आणि भीतीही त्याचीच होती.

चाचणीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. ऑपरेटरने इस्त्रीचा सदरा घातला होता. नियम असा की कुत्र्याच्या शिक्षकाने मागे राहायचं आणि काही झालं तरी आवाज काढायचा नाही, खूण करायची नाही. कुत्र्याला एकदा नवा माणूस दिला की जुना आवाज त्याच्या कानावर पडता कामा नये, पडला की ते पुन्हा आपल्याकडे धावतं. हा नियम मी स्वतः कितीतरी जणांना शिकवला आहे. साहेब माझ्या शेजारून चालत होते.

फाटकापाशी ऑपरेटरने घसा खाकरला आणि टाळ्यांचं सुरू केलं. एक सायकलवाला थबकला. ढब्बूने मागे वळून मला शोधलं. मी एका खांबाआड झाले. तो निघाला. दुकानांच्या रांगेतून दोघं नीट गेले, वाटेत मांडलेल्या पेट्यांना वळसा घातला, रस्त्याच्या कडेला ढब्बू आपणहून थांबला आणि गाड्या गेल्यावर निघाला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो चौक आला, जिथून दवाखान्याकडे डावीकडे वळायचं आणि उजवीकडे आमच्या केंद्राची मागची वाट जाते. ढब्बूच्या रोजच्या पायाखालची वाट ती.

ऑपरेटर हळूहळू पायऱ्या चढत म्हणाला, "डावीकडे." फारच वाईट म्हणाला. घाबरला होता बिचारा. ढब्बू थांबला, वळला, आणि या वेळी त्याने मला बरोबर हेरलं. आडोसा नव्हता. तो एकटक माझ्याकडे बघत राहिला. मान हलवावी तर साहेब बघत होते.

चाल माझ्या गळ्यात तयार होती. एका सुरात तो वळला असता. आणि गंमत बघा, त्या क्षणी मला शब्दही आला होता, साधा, सरळ, कुठल्याही चालीशिवाय, जिभेच्या टोकावर. डावीकडे. इतक्या महिन्यांत असा आला नव्हता. म्हणून टाकावा असं अंगातलं रक्त सांगत होतं. पण तो मी म्हटला असता तर ढब्बू जन्मभर माझाच राहिला असता, आणि तो माणूस वहिनीची सवड बघत बसला असता. मी मूठ तोंडात कोंबली आणि डोळे मिटून घेतले.

मला ऑपरेटरचा आवाज ऐकू आला. पुन्हा तेच, आणखी बेसूर, पण आता मोठ्याने आणि ठाम, जिथे लांबवायचं तिथे लांबवून. कुणीतरी हसलं. मी डोळे उघडले तेव्हा चौकात ते दोघं नव्हते. ते डावीकडच्या रस्त्याला लागले होते. ढब्बूची शेपटी उंच होती आणि ऑपरेटर मोकळ्या हाताने हवेत ठेका धरत चालला होता.

दवाखान्याच्या दाराशी आम्ही त्यांना गाठलं. 'दार शोध'चं धाड धाड धा ऐकून पहारेकरी बाहेर आला होता. ऑपरेटर घामाने भिजला होता आणि लहान मुलासारखा हसत होता. ढब्बू त्याच्या पायाशी बसला होता. मी चार हातांवर उभी होते.

"साहेब? तुम्हीच ना?" ऑपरेटरने विचारलं. "कसं झालं?"

"कुत्रा तुमचा," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि बाईंना सोमवारी नवा कुत्रा देतो आहे. या वेळी परीक्षेला कुणी गायचं नाही, एवढं मात्र बघू."

"बाई आल्या नाहीत का? आवाज नाही आला त्यांचा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. ढब्बूचे कान माझ्याच दिशेला होते. मी 'हो' जरी म्हटलं असतं तरी तो उठला असता.

"त्यांना सांगा," ऑपरेटर म्हणाला, आणि त्याचा तो टेलिफोनवरचा मुरलेला आवाज कापायला लागला. "त्यांना म्हणावं, आज मी कुणाचा दंड न धरता कामावर आलो. वरच्या मुलीलाही सांगा. म्हणावं, मला त्यांचे आभार नीट मानता येत नाहीत. मी सारखा फोनवर बोलतो, पण या वेळी काय बोलावं ते सुचतच नाही."

"सांगतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

माझे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही भान नव्हतं. तोंडात शब्द मावत नव्हते, सगळे आले होते, आणि मी ते घट्ट मिटून उभी होते. ढब्बू माझ्याकडे बघत शेपटी आपटत राहिला, पण ऑपरेटरच्या पायापासून उठला नाही.